तिसऱ्या पादाची उपेक्षा

चिकित्सेचे चार पाद कोणते, असे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास विचारले तरी तो भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी ही चार नावे एका दमात सांगतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात आणि पुढे अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात या प्रत्येक पादाचे चार चार गुण सांगितले आहेत. यांतील पहिल्या पादाविषयी, म्हणजे स्वतःविषयी, आपण वैद्यमंडळी पुष्कळ बोलतो. दुसऱ्या पादाविषयी, म्हणजे द्रव्याविषयी, आपली चर्चासत्रे भरतात. औषधनिर्मिती व विक्री करणाऱ्या आपल्या बांधवांचा तर तो व्यवसायच आहे. चौथ्या पादाची, रोग्याची, नाडी आपण रोज पाहतो. उरला तिसरा पाद, उपस्थाता अर्थात परिचारक. तीस वर्षांच्या व्यवसायात त्याचा आम्ही किती विचार केला, असे कोणी विचारले असते तर आम्हांस मान खाली घालावी लागली असती. सतरा दिवस रुग्णालयातील बाकड्यावर काढल्यानंतर हा प्रश्न आम्हीच आम्हांस विचारला. त्याचे जे उत्तर मिळाले, ते फारसे सुखावह नाही. तरीही ते व्यवसायबंधूंपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमचे तीर्थरूप अण्णा, वय वर्षे ८४, सातारा जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी मातोश्रींसह राहतात. आमचा व्यवसाय तालुक्याच्या ठिकाणी. २०२४ च्या श्रावणात एके पहाटे अण्णांस अंथरुणातून उठता येईना. हातपाय गळून गेले होते, बोलणे तुटक झाले होते आणि नाडी विषम होती. ठोके मध्येच चुकत होते. आम्ही विलंब न करता त्यांस पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात हलविले. रक्तातील पोटॅशियम २.४ निघाले. ते साधारणतः ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. हृदयालेखातही बदल दिसत होते. अपघात विभागातील निवासी डॉक्टर कन्येने पहिलाच प्रश्न विचारला, "आजोबांना कोणकोणती औषधे चालू आहेत?" आम्ही वैद्य, शिवाय पुत्र. आम्ही आत्मविश्वासाने उत्तर दिले, "रक्तदाबाची एक गोळी, बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी मातोश्रींनी घरून औषधांची पिशवी पाठविली. तीत रक्तदाबाच्या गोळीबरोबर फ्युरोसेमाइड या मूत्रल औषधाची पट्टी होती. दोन महिन्यांपूर्वी पायांवर सूज आली म्हणून गावाजवळच्या डॉक्टरांनी ते सुरू केले होते आणि पुढे मात्राही वाढविली होती. खाली अविपत्तिकर चूर्णाचा डबा होता. कोठा साफ राहावा म्हणून अण्णा ते रोज रात्री घेत. आणि सर्वांत खाली यष्टिमधु चूर्णाची बाटली. ती पाहिली मात्र, आमच्या छातीत धस्स झाले. आठ महिन्यांपूर्वी छातीत जळजळ होते म्हणून ते चूर्ण आम्हीच दिले होते. पंधरा दिवसांसाठी दिले होते, असे आम्ही म्हणू लागलो, तोच अण्णा क्षीण आवाजात म्हणाले, "तूच तर दिलं होतंस. बरं वाटत होतं, म्हणून घेत राहिलो. संपलं की बाजारातून आणायचो."

यष्टिमधूसारखे सौम्य, मधुर, बालकांसही देता येणारे द्रव्य काय अपाय करणार, असे अनेकांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. परंतु यष्टिमधूतील ग्लिसिरायझिन हे घटकद्रव्य दीर्घकाळ व पुरेशा मात्रेत पोटात गेले, तर शरीर मीठ व पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम मूत्रावाटे सोडते. त्यामुळे रक्तदाब वाढतो, सूज येते. हे शास्त्रास पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. आता क्रम पाहावा. आमच्या चूर्णाने, निदान काही अंशी, सूज वाढली असावी. सूज दिसली म्हणून मूत्रल औषध आले, आणि त्यानेही पोटॅशियम जाते. त्यावर रोज रात्री त्रिवृत असलेले विरेचक चूर्ण. वारंवार पातळ शौचास होऊन पोटॅशियम जाण्याची ती तिसरी वाट. अण्णांचे हृदय आधीच दुर्बल होते, म्हणून सारा दोष एका द्रव्यावर टाकणे योग्य नव्हे, असे तेथील हृदयरोगतज्ज्ञांनीही सांगितले. तथापि तीन औषधे तीन हातांनी दिली, आणि ती एकाच देहात जात आहेत हे त्या तिघांपैकी एकासही ठाऊक नव्हते, ही वस्तुस्थिती शिल्लक राहतेच. त्या तिघांतील एक हात आमचा होता.

यानंतरचे सतरा दिवस आम्ही वैद्य नव्हतो. गळ्यात पास अडकवून बसणारे 'पेशंटचे नातेवाईक' होतो. रुग्णालयाचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. प्रथम अंग पुसणे, मग रक्ताचे नमुने, सातला पाळीबदल. आठच्या सुमारास फरशी पुसणाऱ्या मावशी नातेवाइकांस बाहेर काढतात. दहाच्या आसपास मोठे डॉक्टर येतात. ते येण्याच्या क्षणीच आपण चहास गेलेलो असू, तर दिवसभराचा प्रश्न मनातच राहतो. त्यानंतर औषधांच्या चिठ्ठ्या, तळमजल्यावरील औषध दुकानासमोरची रांग, बिलाच्या खिडकीसमोरची रांग, डब्याची वाट, सायंकाळी भेटीस येणाऱ्यांना तीच हकिकत पुन्हा सांगणे, आणि रात्री बाकड्यावर पाय मुडपून पडणे. शिरेतून पोटॅशियम अत्यंत मंद गतीने द्यावे लागते आणि त्याने हाताची आग होते. अण्णा झोपेत तो हात ओढीत, म्हणून तो धरून बसावे लागे. दर दोन तासांनी कूस बदलावयाची, पाठ लाल झाली आहे का ते पाहावयाचे. दिवसाला सव्वा लिटरच पाणी द्यावयाचे, आणि दिलेला प्रत्येक पेला व आलेले प्रत्येक मूत्र वहीत मांडावयाचे. अण्णा पाणी मागत आणि आम्ही घड्याळ पाहत असू. पित्यास पाणी नाकारणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यासच कळेल. पथ्याचे कागद आम्ही शेकड्यांनी लिहून दिले. ते पाळविणाऱ्याच्या मनाचे काय होते, हे मात्र त्या रात्री प्रथम कळले.

परिचारकाचे जे चार गुण चरकसंहितेत सांगितले आहेत, त्यांचा अर्थ त्या वॉर्डात आम्हांस नव्याने लागला. उपचारज्ञता, दाक्ष्य, रोग्याविषयी अनुराग आणि शौच हे ते चार गुण. यांपैकी अनुराग आपल्याकडे बहुधा उदंड असतो. शेजारच्या खाटेवरील वृद्धाची सून बारामतीजवळून आली होती. लहान मूल घरी ठेवून ती अकरा दिवस तेथेच राहिली. दाक्ष्य गरजेपोटी येते आणि शौच परिचारिका शिकवितात. उपचारज्ञता मात्र कोणीतरी द्यावी लागते, आणि ती देणारा कोणी नसला तर अनुरागच घातक ठरू शकतो.

एक साधे उदाहरण देतो. अण्णांचे पोटॅशियम कमी, म्हणून त्यांस ठरलेल्या पाण्याच्या मर्यादेत थोडे शहाळ्याचे पाणी देण्यास परवानगी होती. पलीकडच्या खाटेवरील रुग्णाची मूत्रपिंडे निकामी होत आली होती आणि पोटॅशियम वाढलेले होते. त्यास तेच शहाळे वर्ज्य. सायंकाळी त्यांचे पाहुणे चार शहाळी घेऊन आले. आजाऱ्यास शहाळे न्यावे ही आपली रीतच आहे. त्यांनी मोठ्या मायेने पेला भरला. त्यांच्या मुलास आदल्या दिवशी कोणीतरी 'पोटॅशियमवाले काही नको' असे सांगितले होते. पण शहाळे त्यात येते हे त्यास कोठून ठाऊक असणार? त्या दिवशी परिचारिकेचे लक्ष गेले म्हणून तो पेला खाली ठेवला गेला. द्रव्य एकच, एका खाटेवर पथ्य आणि चार हातांवरील दुसऱ्या खाटेवर अपथ्य. हे तत्त्व आपल्याइतके दुसऱ्या कोणत्या शास्त्रास मान्य असेल? तरीही ते परिचारकाच्या भाषेत सांगण्याचे काम आपण कितीदा करतो?

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. सोलापूरकडील एक शेतकरी आपल्या वडिलांपाशी होता. पक्षाघात झालेला, रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू. आम्ही वैद्य आहोत असे कळल्यावर तो रात्री आमच्या बाकड्याशी आला आणि खिशातून एक डबी काढून म्हणाला, "गावाकडच्या वैद्यांनी फोनवर सांगितलं, ह्या गोळ्या चालू ठेव, पण सिस्टरला कळू देऊ नको. बरोबर आहे ना?" डबीवर नाव नव्हते, घटक नव्हते, तारीख नव्हती. आम्ही त्यास म्हणालो, "दादा, ह्यात काय आहे ते मला कळत नाही, तुम्हाला कळत नाही, आणि उद्या रक्तस्राव झाला तर इथल्या डॉक्टरांनाही कळणार नाही. सकाळी त्यांना दाखवा. मी तुमच्यासोबत उभा राहतो." सकाळी त्याने दाखविली. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी गोळ्या थांबविल्या, कागदावर नोंद केली आणि आम्हांस विचारले, "ह्यात काय असेल?" एका वैद्याने दिलेल्या औषधाविषयी दुसऱ्या वैद्यास काहीच सांगता आले नाही. ती शरम अजून गेलेली नाही.

येथे कोणी म्हणेल, आणि काही स्नेह्यांनी आम्हांस म्हटलेही, की असे लेख लिहून आपण विरोधकांच्या हाती कोलीत देता. आमचे नम्र मत निराळे आहे. यष्टिमधु वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आजही योग्य रोग्यास आम्ही ते देतो. पिप्पली, क्षार आणि लवण यांचे अतिसेवन करू नये, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात बजावून ठेवले आहे; म्हणजे उपयुक्त द्रव्यही मात्रा व काल सोडून घेतल्यास अपाय करते, हा विचार आपल्याच घरचा आहे. कोलीत जर कोठे असेल, तर ते लपविलेल्या डबीत आहे. शिवाय आता आयुष औषधांसाठी औषधदक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो आणि त्याचे समन्वय केंद्र नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. अण्णांविषयीची नोंद आम्ही विहित नमुन्यात भरून पाठविली. स्वतःच्या हातून घडलेले लिहिताना लेखणी अडखळली, हे कबूल करतो. परंतु वैद्यांनीच अशा नोंदी केल्या नाहीत, तर त्या दुसरे लोक करतील, आणि त्या वेळी मात्रा, काल, अनुपान यांचा विचार त्यांत असणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिका असतात. तेव्हा नातेवाइकास उपस्थाता म्हणणे आता कालबाह्य झाले. त्या परिचारिकांविषयी आमच्या मनात अपार आदर आहे. परंतु त्या आठ-बारा तासांच्या पाळीत अनेक रुग्ण सांभाळतात, आणि रुग्ण घरी गेल्यावर त्या बरोबर येत नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णगृहाचे जे वर्णन आहे, त्यात वारा खेळणारी पण धूर-धूळ न येणारी वास्तू आहेच. शिवाय यूष व भात शिजविणारे, स्नान घालणारे, अंग रगडणारे, रोग्यास उठविणारे व निजविणारे, औषधे वाटणारे, इतकेच नव्हे तर गाणी व कथा सांगून मन रमविणारेही आहेत. एवढ्या माणसांचे काम आज एका मुलाच्या, मुलीच्या किंवा सुनेच्या अंगावर पडते. आणि त्या व्यक्तीकडे आपण वैद्य काय म्हणून पाहतो? केसपेपरवर तिच्यासाठी एक ओळही नसते.

त्या व्यक्तीच्या देहाचाही विचार करावयास हवा. सतरा दिवसांत आमचे रात्रिजागरण झाले, विषमाशन झाले, चहा दिवसातून सात-आठ वेळा झाला. 'डॉक्टर येऊन जातील' या भीतीने आम्ही मूत्रवेग तासन् तास धरून ठेवला. दिनचर्येवर व्याख्याने देणाऱ्या वैद्याचा रक्तदाब दहाव्या दिवशी वाढलेला निघाला. सौभाग्यवतींनी तेव्हा सरळ सांगितले, "आता दोन रात्री तुम्ही घरी झोपायचं. एकाला बरं करताना दुसरा पडला तर मी कोणाकोणाकडे पाहू?" धाकटे बंधू मुंबईहून आले आणि आम्ही पाळ्या लावल्या. हा सल्ला आम्ही आजवर एकाही रुग्णाच्या मुलास दिला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आले. परिचारक हाही जपावयाचा असतो. पाद लंगडा झाला तर चिकित्सा उभी राहत नाही.

यातून आम्ही आमच्या चिकित्सालयात काही बदल केले. ते व्यवसायबंधूंनी पारखून पाहावेत. साठ वर्षांवरील रुग्ण आला की केसपेपरवर 'औषध कोण देणार' असा रकाना आम्ही भरतो, आणि शक्य असेल तर त्या व्यक्तीस समोर बसवून बोलतो. घरात असतील त्या सर्व औषधांची पिशवी, पट्ट्या-डब्यांसह, आणावयास सांगतो. तोंडी उत्तरावर विसंबत नाही. आम्ही स्वतःच दिलेले तोंडी उत्तर किती चुकीचे होते ते वर आलेच आहे. प्रत्येक कल्पापुढे तो सुरू केल्याची तारीख आम्ही पूर्वीही लिहीत होतो. आता थांबविण्याची तारीखही लिहितो, आणि त्या दिवशी चिकित्सालयातून दूरध्वनी जातो. सर्व पॅथींची औषधे एकाच कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून त्याची प्रत परिचारकाजवळ देतो. आणि रुग्ण रुग्णालयात दाखल असेल, तर तेथील डॉक्टरांस सांगितल्यावाचून आमचे एकही औषध देऊ नये, असे स्पष्ट बजावतो. तेथील डॉक्टरांनी थांबवा म्हटले, तर थांबवावे. वैद्याची प्रतिष्ठा रोग्याच्या जिवाहून मोठी नाही.

औषध दुकानदार बांधवांस एक वेगळी विनंती आहे. आयुर्वेदीय औषधे विकण्यास परवाना लागत नाही. त्यामुळे अण्णांसारखा वृद्ध दर महिन्यास तीच बाटली मागतो आणि ती मिळते. यात बेकायदा काही नाही. परंतु जो आपल्याकडे वर्षानुवर्षे येतो, त्यास "काका, हे किती दिवस घेताय? दुसऱ्या डॉक्टरांचं काही चालू आहे का?" एवढे विचारण्यास कोणत्या कायद्याची गरज आहे? सूज, रक्तदाब, हृदयविकार असलेल्या ग्राहकास यष्टिमधूची पुढची बाटली देण्यापूर्वी वैद्यास विचारून येण्यास सांगावे. एक बाटली कमी खपेल, पण दुकानावरील विश्वास वाढेल. जे बांधव सुट्या पुड्या बांधून देतात, त्यांनी पुडीवर द्रव्याचे नाव व तारीख अवश्य लिहावी. निनावी पुडी रुग्णालयात पोहोचली की तेथे तिची ओळख पटविणारा कोणी नसतो.

अठराव्या दिवशी अण्णा घरी आले. यष्टिमधु थांबविल्यावरही त्याचा परिणाम ओसरण्यास एक-दोन आठवडे लागू शकतात, असे सांगितले होते. तसा तो हळूहळू ओसरला. सूज उतरली, मूत्रल औषधाची मात्रा कमी झाली. चालताना अजून काठी लागते आणि जिन्यावरून एकट्याने उतरणे बंद झाले, ते कायमचेच. आमच्यावर ते रागावले नाहीत, आणि त्याचेच ओझे अधिक वाटते. आता मातोश्रींच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर औषधांची नावे, वेळा, आणि प्रत्येकापुढे थांबविण्याची किंवा फेरतपासणीची तारीख. मातोश्री चष्मा लावून तो वाचतात आणि कोणतीही नवी पुडी घरात आली की प्रथम विचारतात, "हे कागदावर आहे का?"

उपचारज्ञता म्हणतात ती याहून वेगळी काय असते? मातोश्रींचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. त्यांना ती यावयास एक कागद आणि पंधरा मिनिटे पुरली. ती पंधरा मिनिटे आम्ही आठ महिन्यांपूर्वी दिली असती, तर सतरा दिवस वाचले असते. आपल्या चिकित्सालयात उद्या येणाऱ्या वृद्धाच्या मागे जी व्यक्ती पिशवी घेऊन उभी असेल, तिला आधी बसावयास खुर्ची द्यावी, एवढीच आमची सर्व व्यवसायबंधू-भगिनींस विनंती आहे.